बोल्टवरची पांढरी रेघ

बन्सीधर उस्तादाच्या गॅरेजात एक रीत होती, आणि उभ्या पाथरीत ती दुसऱ्या कुठल्याच गॅरेजात नव्हती. महत्त्वाचा बोल्ट पुरा कसला की कसणाऱ्यानं बोल्टाच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडावर नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. बोल्ट पुढं ढिला झालाच तर डोकं फिरतं, रेघ मधेच तुटते आणि झाकण उघडल्याबरोबर दिसतं. उस्तादाची रेघ लाल. बाटली मूळची त्याच्या बायकोची, कमलबाईची. तिनं दोनदा शोधली आणि मग नाद सोडला. शिवकन्येची रेघ पांढरी. "रेघ म्हंजी सही," उस्ताद म्हणायचा. "एकदा ओढली की जिम्मेदारी आपली. मंग गाडी बंद पडू न्हाईतर जळू, त्वांड लपवायचं न्हाई."

ऐका! हे सांगणारा माणूसच पुढं काय करून बसला ते ऐका.

शिवकन्या चारठाण्याच्या बिरू मेंढपाळाची पोरगी. आयटीआय केलं, सर्टिफिकेट घेतलं आणि जिंतूर, सेलू, मानवत अशी गॅरेजं पालथी घातली. कुणी जागा नाही म्हणालं, कुणी तोंडावर हसलं, आणि एका शहाण्यानं तर चहा करायला ठेवतो म्हणून सांगितलं. बन्सीधरनं मात्र फक्त तिचे हात बघितले. "पाना धरता येतो ना? मंग ये सोमवारी." त्याला सहा वर्षं झाली. सुरुवातीला लोक चिडवायचे, "उस्ताद, गॅरेज हाय का ब्यूटी पार्लर?" तर हा उलटून म्हणायचा, "माझी लेक हाय ती. तुझ्या गाडीपरीस तिची अक्कल जोरात पळती." उस्तादाला मूलबाळ नव्हतं. ते शब्द ऐकले की शिवकन्येला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं.

गेल्या महिन्यात नागसेनची सात सीटची गाडी आली. नागसेन मानवत रोड स्टेशनावरून भाविकांना पाथरीला आणून सोडायचा. घर त्या गाडीवरच चालायचं. इंजिन टकटक करायलं होतं. उघडून बघितलं तर कॅमशाफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे, उंचवटे झिजून पार गुळगुळीत. नवा कॅमशाफ्ट शिवकन्येनं बसवला. दांडा दाबून धरणारी एकेक टोपी तिच्या नंबरावर, थोडी ही कसायची, थोडी ती, घाई नाही. टायमिंग बेल्ट मात्र उस्तादच चढवणार, हा गॅरेजचा कायदा होता. पिस्टनला जोडलेला खालचा क्रँक आणि वरचा कॅमशाफ्ट यांना हा पट्टा एका ठेक्यात फिरवतो. ठेका चुकला की व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचं वाटोळं होतं. पट्टा ताणून धरणारी चकती म्हणजे टेन्शनर. तिला बोल्ट एकच.

शिवकन्येनं टॉर्क पाना पुढं केला. किती जोर लागला ते हा पाना मोजून दाखवतो.

"ठिव तो तिकडं," उस्ताद म्हणाला. "चाळीस वर्षं झाली. माझा हातच माझा टॉर्क पाना."

पण तो हात बोल्ट चाचपून शोधायलाय, हे तिनं बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. कमलबाई वर्षभर कानीकपाळी ओरडत होती आणि हा बाबा ऐकत नव्हता. शिवकन्या गप्प बसली. बापासारख्या माणसाला तोंडावर कसं म्हणायचं, तुमाला दिसत न्हाई? उस्तादानं बोल्ट कसला, लाल रेघ ओढली, आणि झाकण बसलं. तिची चूक असेल तर एवढीच, ती गप्प बसली.

अकराव्या दिवशी मानवतच्या अलीकडं गाडी फाडकन आवाज करून जागीच मेली. पाच भाविक उन्हात रस्त्यावर. नागसेननं दुपारी ट्रॅक्टरला बांधून गाडी ओढत आणली. त्याचा तर तोल सुटला होता. उस्तादानं बॉनेट उघडलं, वाकून बघितल्यासारखं केलं आणि शिवकन्येला म्हणाला, "शिवे, तू परभणीला जा. व्हॉल्व्ह आन गॅस्केट घिऊन ये. आत्ताच निघ."

"आदी उघडून बघावं ना, उस्ताद. काय काय लागतंय ते तरी..."

"मला शिकवायलीस? जा म्हणलं ना."

ती गेली. संध्याकाळी सामान घेऊन पाथरीच्या स्टँडवर उतरली तर पंडित ड्रायव्हर पानटपरीपाशी उभा. "काय शिवकन्याताई," तो म्हणाला, "बेल्ट तुमी चढवला व्हता म्हणं? उस्ताद समद्यांना सांगायलेत."

"कोण म्हणलं?"

"उस्तादच. पोरीवर सोडलं आन फसलो म्हणले."

शिवकन्येला हसूच आलं. पंडित म्हणजे आगलाव्या. एकाचं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. उस्ताद असं म्हणेल? ज्यानं लेक म्हटलं तो? आणि समजा नागसेनच्या धाकानं तोंडातून निघून गेलं असेल, तरी झाकणाखाली लाल रेघ आहेच की. सकाळी सगळ्यांदेखत उघडायचं आहे. रेघ दिसली की उस्ताद स्वतःच म्हणेल, माझा हात. या भरवशावर ती भाकरी खाऊन निवांत झोपली. भोळी म्हणा, काहीही म्हणा.

सकाळी दहाला नागसेन चार जीपमालकांना घेऊनच आला. या चौघांच्या गाड्यांवरच पाथरीतली गॅरेजं चालायची. हे एक शब्द बोलले की माणसाला काम मिळायचं आणि एका शब्दात सुटायचंही. नागसेननं उभ्या उभ्याच सांगितलं, "ज्याच्या हाताची चूक निघंल त्यानं परत हितं पाना धरायचा न्हाई. माझी पाच माणसं मेली असती."

शिवकन्येनं झाकणाचे बोल्ट सोडले. ते हाताला जरा सैल लागले, पण तिकडं तिचं लक्षच गेलं नाही. झाकण निघालं. पट्टा लोळागोळा होऊन एका अंगाला पडला होता, आणि टेन्शनरच्या बोल्टवर रेघ होती.

पांढरी.

ती बघतच राहिली. मेंढ्यांच्या कळपात दुसऱ्याच्याच कोकरावर आपली खूण निघावी तसं तिला झालं. म्या ओढली? कधी? क्षणभर तिला स्वतःचाच भरवसा वाटेना.

"पांढरी रेघ कुणाची असती, उस्ताद?" नागसेननं विचारलं. रीत सगळ्यांना ठाऊक होती.

उस्तादानं सुस्कारा सोडला. "जाऊ द्या, नागसेनभाऊ. पोरगी हाय, चुकली. म्या घेतो संभाळून."

हे ऐकून तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. ह्यानं माफ केलं होतं! चारचौघांत, मोठ्या मनानं, स्वतःच्या पापाची माफी तिला दिली होती. जीपमालकांतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "मी पयलंच म्हणलं व्हतं, बाईमाणसाचं काम न्हाई हे." दुसऱ्यानं मान हलवली.

आणि त्या रागातच तिला दिसलं. तिनं बोट बोल्टवर ठेवलं. बोल्ट नुसत्या बोटानं गदगदा हलला.

"नागसेनदादा, जरा हितं या. तुमी बी या समदे." आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "बोल्ट ढिला हाय का न्हाई? हात लावून बघा."

नागसेननं हात लावला. "ढिला हाय की. म्हणून तर मेली गाडी."

"मंग रेघ बघा. अकरा दिवसांत बोल्ट फिरत फिरत ढिला झाला, तर रेघ तुटाय पायजे. ही सरळ कशी?"

नागसेन खाली वाकला, रेघ बघितली, बोल्ट बोटानं अजून थोडा फिरवला. आता रेघ तुटली. पांढऱ्या रेघेचे दोन तुकडे वेगवेगळ्या दिशेला झाले. अंगठ्यानं त्यानं कडेचा पापुद्रा खरवडला. खोबणीत पुसायचा राहिलेला लाल रंग दिसला.

"बोल्ट ढिला झाल्यावर ओढलीय ही रेघ," शिवकन्या म्हणाली. "काल. मला परभणीला धाडलं तवा."

रेघ तुटकी ओढावी, उस्तादाला एवढंही सुचलं नव्हतं. मन खोटं बोलायलं होतं, पण चाळीस वर्षांचा हात. त्यानं रेघ सरळच ओढली.

तो स्टुलावर बसला. तिच्याकडं बघेना. मग हळूच, तिला तेवढं ऐकू जाईल असं म्हणाला, "तू जवान हायस, शिवे. तुला दुसरं काम मिळलं असतं. माझे डोळे गेल्याचं गावाला कळलं तर मला कोण इचारतंय?"

"मला सांगितलं असतं तर म्या तुमचे डोळे झाले असते की!" ती ओरडलीच. "गुपचूप बेल्ट चढवला असता आन रेघ तुमची लाल ओढली असती. मरेपत्तोर ओढली असती, उस्ताद! लेक म्हणला व्हतात ना? लेकीच्या नावावर असली सही करतंय का कुणी?"

जीपमालक चपलांकडं बघत उभे राहिले. मघाशी बाईमाणसाचं काम म्हणणारा तर केव्हाच रस्त्यावर जाऊन उभा होता.

"गाडी तूच उभी कर, ताई," शेवटी नागसेन म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा हात लागाय नको."

दोन दिवस ती त्याच गॅरेजात काम करत राहिली, कारण नागसेनच्या घरची चूल त्या इंजिनावर होती. इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, उतरवलं, वाकडे झालेले आठही व्हॉल्व्ह बदलले, कॅमशाफ्ट पुन्हा तपासून बसवला. तो शाबूत निघाला. तिच्या हातचं काम होतं ते. पट्टा तिनंच चढवला, क्रँक हातानं दोनदा पुरा फिरवून खुणा जुळवल्या. उस्ताद स्टुलावर बसून होता.

टेन्शनरचा बोल्ट तिनं टॉर्क पान्यानं कसला. पाना खट् वाजला. सवयीनं उस्ताद उठला, फळीवर चाचपून त्यानं पांढऱ्या नेलपॉलिशची बाटली शोधली, झाकण काढून तिच्यापुढं धरली.

तिनं बाटलीकडं बघितलं. ती अर्धी झाली होती. तिच्या हातून एवढी संपली नव्हती, आणि एका रेघेनं एवढी संपत नाही. अजून किती बोल्टांवर तिची सही होती कोण जाणे.

तिनं बाटली घेतली नाही. छिन्नी घेतली, बोल्टाच्या डोक्यावर टेकवली आणि हातोडीचा एकच ठोका दिला. मग खालच्या लोखंडावर दुसरा. रेघ लोखंडातच कोरली गेली. ही पुसून कुणाला दुसरा रंग लावता येणार नव्हता.

गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. शिवकन्येनं हात पुसले, आपले पाने पिशवीत भरले आणि टॉर्क पाना उस्तादाच्या फळीवर परत ठेवला, कारण तो त्याचा होता.

"शिवे," उस्ताद म्हणाला. "सोमवारी येतीस ना?"

"माझं नाव शिवकन्या हाय," ती म्हणाली, आणि नागसेनच्या गाडीत जाऊन बसली.