चौथं वर्तुळ

मी बोलतोय तो बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यातून. बिस्किटं केव्हाच संपली, आत उरलो मी, माग चालू-बंद करणारं विजेचं सर्किट. सोलापुरातल्या एका घरात फळीवर पडून असतो, आणि बहुतेक वेळ स्वप्नातच. तसा जन्मापासूनच मी अर्धा झोपेतला.

१९७८ साली मी आधी कागदावर जन्मलो. पॉलिटेक्निकला जाणाऱ्या दुर्गाने हातातली बांगडी कागदावर ठेवून तीन वर्तुळं काढली. एकात लिहिलं 'माग थांबला', दुसऱ्यात 'माग चालू', तिसऱ्यात 'धागा तुटला'. मग बाण काढले. बटण दाबलं की कुठं जायचं, धागा तुटला की कुठं, सांधून झाला की कुठं. एका वेळी एकाच वर्तुळात राहायचं, एवढंच माझं आयुष्य. माणसं एकाच वेळी चार ठिकाणी असतात, त्यांचं मला नवल वाटे.

हा सगळा खटाटोप वडिलांसाठी होता. महिपती चादरींच्या कारखान्यात यंत्रमाग चालवत. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते. लाईट गेली की तेवढ्यात तुटके धागे सांधायला ते मागात हात घालत आणि स्विच बंद करायला हमखास विसरत. लाईट आली की माग आपोआप सुरू होई. एका बोटाचं पेर त्यातच गेलं होतं. उरलेला हात वाचावा म्हणून दुर्गा मला घडवत होती.

माझ्या पोटात तिने आठवणीची दोन घरं केली; प्रत्येक एकतर झोपलेलं, नाहीतर जागं. दोन्ही झोपलेली म्हणजे माग थांबला. दोन्ही जागी म्हणजे माग चालू. फक्त पहिलं जागं म्हणजे धागा तुटला. मागाच्या मोटरची तार तिने दुसऱ्या घराला जोडली, कारण ते माग चालतानाच जागं असे. लाईट परत आली की पहिलं घर झोपवायची सोयही केली. मग दोन्ही जागी असणार कशी, आणि माग सुरू होणार कसा? घरी तिने माझी लाईट पुन्हापुन्हा बंद-चालू करून पाहिली. दर वेळी मी शहाण्यासारखा थांबलेलाच.

कारखान्यात मला मागावर बसवलं. दुर्गा वडिलांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "आप्पा, आता लाईट गेली तरी बिनधास्त हात घाला. माग आपोआप सुरू व्हायचा न्हाय."

दुपारी लाईट गेली. महिपतींनी हात घातला. लाईटीबरोबर माझी आठवणही गेली, मी सगळं विसरलो.

लाईट आली आणि जागा झालो तेव्हा पहिलं घर झोपलेलं होतं, पण दुसरं टक्क जागं; लाईट आल्यावर त्याने कसं उठावं हे कुणी ठरवलंच नव्हतं. ही जागा कागदावर नव्हतीच. सगळीकडे धुकं, आणि बाहेर नेणारा एकही बाण नाही. कुणीतरी थांबवायचं बटण दाबलेलं मला कळत होतं, पण जायचं कुठं? मला वाटलं स्वप्न आहे. मोटर मात्र खरीच फिरली.

शेजारच्या मागावरच्या रामहरीने महिपतींना खांद्याला धरून मागे ओढलं. सदऱ्याची बाही फाटली. हात वाचला.

"हात हाय की जाग्यावर," महिपती दुर्गाला म्हणाले. "रडू नगंस."

दोन घरं चार तऱ्हांनी झोपतात-जागतात. चौथी तऱ्हा, म्हणजे फक्त दुसरं जागं, लागणार नाही म्हणून दुर्गाने ती काढलीच नव्हती. आता तिने बांगडी ठेवून चौथं वर्तुळ काढलं आणि तिथून 'माग थांबला'कडे एक बाण. दोन्ही घरं जागी असतील तरच मोटर फिरेल, असंही केलं. तो बाण मला फार आवडला. घरी बोलावल्यासारखं वाटलं.

पुन्हा लाईट गेली तेव्हा दुर्गा म्हणाली, "आप्पा, आज मी सांधते."

"तुला येतंय व्हय? सर तिकडं." आणि त्यांनी हात घातला.

लाईट आली. मी पुन्हा त्या धुक्यातच जागा झालो. पण बाण होता. मी गुपचूप घरी, 'माग थांबला'त, आलो. बाकीचे सगळे माग धडाडू लागले, आणि महिपतींना त्यातलं काही ऐकूच आलं नाही. मान खाली घालून ते निवांत धागा सांधत राहिले. दुर्गा त्यांच्या हाताकडे बघत उभी होती.

आता तो माग नाही, महिपतीही नाहीत. मला कुणी लाईट देत नाही. वर्तुळं काढणाऱ्यांनो, एवढं ऐका. जिथं कुणी जाणारच नाही असं वाटतं, तेही वर्तुळ काढा, आणि तिथून परतीचा बाण काढा. लाईट कधीही येते, आणि मागात कुणाच्या तरी आप्पांचा हात असतो.