पायदोरी

जानेरकेने काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी आनसारच्या घोट्यांभोवती गुंडाळली, गाठ मारली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती सोडून पुन्हा बांधायला घेतली. पोरगं मांडीवर वळवळत होतं.

"अगं, पोर बांधतेस की घोडा?" लीदिया मावशी दारातूनच म्हणाली. शेजारची ही रशियन बाई पोलाद कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त झालेली. अजूनही तिचं बोलणं उंचावरून खाली ओरडल्यासारखंच असायचं. "सैल ठेव. काबिदोल्लाचे हात म्हातारे झालेत आता."

जानेरके नुसती हसली. दोरी सासऱ्यांनी कापायची नव्हती. पण हे अजून सासऱ्यांनाच, काबिदोल्लांनाच, सांगायचं राहिलं होतं.

मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांतली दोरी जो कापतो, त्याच्या चालीने ते जन्मभर चालतं, असं सगळे मानत. कझाकस्तानातल्या तेमिरताऊच्या त्या आवारात काबिदोल्लांच्या चालीला तोड नव्हती. गावाच्या जागी नुसते तंबू होते तेव्हा ते गवताळ माळावरून मेंढरं सोडून आले, कारखान्यात लोखंड वितळवणाऱ्या झोतभट्टीवर उभे राहिले आणि तिथेच त्यांचे केस पिकले. आजही जिना चढताना ते तरण्या पोरांना मागे टाकत. नातवाची दोरी दुसरा कोण कापणार?

जानेरकेने मात्र मामेबहिणीला, रौशानताईला, अल्माटीहून बोलावून घेतलं होतं. ताई हृदयाची डॉक्टर. ताईसारखा आनसारही या गावातून निघून जावा, एवढंच तिला हवं होतं. जानेरके स्वतः रसायनशास्त्र शिकलेली. खिडकीच्या चौकटीवर रोज जमणाऱ्या कारखान्याच्या काळ्या भुकटीत काय काय असतं, हे ती सांगू शकली असती. दोऱ्या-गाठींवर तिचा विश्वास नव्हता. मग ताईला एवढ्या लांबून कशाला बोलावलं? आणि विश्वास असलाच, तर आनसारच्या दुखऱ्या दातांपायी त्याला खांद्यावर घेऊन घरभर फिरणाऱ्या सासऱ्यांत खोट काय होती? विचार कुठूनही सुरू केला तरी तो मध्येच कुठेतरी अडकायचा.

"तूच सांग बाबांना," तिचा नवरा मेदेत सकाळी तोंड फिरवून म्हणाला होता. "माझ्याच्याने नाही होणार. काल बसून सुरीला धार लावलीय त्यांनी."

ती स्वयंपाकघरात गेली. सासरे बाउरसाक, कणकेचे तळलेले फुगीर गोळे, परातीत रचत होते.

"बाबा, मला जरा..."

"आधी माझं ऐक, पोरी. सुरी माझ्या हातात देऊ नकोस."

जानेरके ओट्याला टेकली.

"मेदेतची दोरी मीच कापली होती. भट्टीवाला बाप असताना बाहेरचा कशाला, म्हणाले सगळे. मलाही मोठेपणा वाटला." त्यांनी एक बाउरसाक उचलला आणि उगाच दुसरीकडे ठेवला. "भट्टीवर पाळी संपली म्हणून निघता येत नाही. आपल्या जागी दुसरा येऊन उभा राहिला, की मगच पाय हलवायचा. मी निवृत्त झालो तेव्हा मेदेतला उभा केला आणि ताठ मानेने घरी आलो. आता रात्री भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकतो."

"मग धार कशाला लावलीत सुरीला?"

"डॉक्टरीणबाई अल्माटीहून येणार. बोथट सुरीने चारचौघांत तिची फजिती व्हायला नको."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. जानेरकेला हायसं वाटायला हवं होतं. पण आठवडाभर जुळवलेली वाक्यं वायाच गेली, आणि हवं ते मिळूनही आपला कुणीतरी अपमान केलाय असं तिला वाटत राहिलं. कुणी केला, तेच कळेना.

पाहुणे जमले. गालिच्यावर पांढरं कापड अंथरलं. रौशानताईने सफाईने दोरी कापली. बायकांनी गोळ्या-चॉकलेटं उधळली, पोरं त्यांवर तुटून पडली.

"ये, माझ्याकडे ये," ताईने हात पसरले.

आनसार उभा राहिला. डुलला. त्याने ताईकडे पाहिलं, मग मेदेतकडे, मग एकेका पाहुण्याच्या गुडघ्यांमधून मागे.

"अरे, गाडी का अडली?" लीदिया मावशी म्हणाली. "काबिदोल्ला कुठाय?"

सगळे हसले. जानेरकेने खोलीभर नजर फिरवली आणि घरातल्या बोळातून मागे गेली.

सासरे सज्ज्यात उभे होते. अंगात कोट नाही, समोर कारखान्याची धुराडी. दार उघडल्याचं कळूनही त्यांनी मागे पाहिलं नाही.

"चालला?"

"हो," जानेरके खोटंच म्हणाली.

"कुणाकडे?"

"ताईकडे."

"छान झालं." त्यांनी मान हलवली, बाहीने नाक पुसलं. "छान झालं."

आत एकदम हशा पिकला. मग बोळातल्या लाकडी फळ्यांवर छोट्या पावलाचा आवाज आला. थप. थांबला. मग थप, थप.

म्हाताऱ्याने आता वळून पाहिलं. सुनेच्या चेहऱ्याकडे, मग तिच्या मागच्या उघड्या दाराकडे. त्यांचे हात आपसूक पुढे आले होते. ते त्यांनी पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

"दार लाव, पोरी," ते म्हणाले. "गारठा आत जातोय."

जानेरकेचा हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला.