कोरडा कागद

कागद

"लागला?" शिंप्याने दारातूनच विचारलं.

मिस्त्री उकिडवा बसला होता. मागच्या चाकाखालचा पांढरा कागद त्याने अलगद ओढून घेतला आणि उजेडात धरला. मधोमध काळसर डाग होता, अजून ओला.

"लागला," तो म्हणाला.

दुरुस्त केलेल्या गाडीखाली संध्याकाळी कोरा कागद अंथरायचा आणि सकाळी तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही त्याची जुनी रीत. कागद कोरडा असला तर गाडी न्या. डाग असला तर चहा प्या आणि पायी घरी जा. गिऱ्हाईक तो कागद उलटसुलट बघायचं, घडी घालून खिशात ठेवायचं, मग किल्ली घ्यायचं. त्यावरूनच त्याचं नाव पडलं होतं कोरडे मिस्त्री. खरं आडनाव आता बायकोलाही आठवून सांगावं लागे.

गाडी शिंप्याची. शिंप्यापेक्षा वयाने थोडीच लहान दुचाकी. तिला चेन नव्हती. इंजिनातून निघालेला एक दांडा मागच्या चाकापर्यंत जायचा, चाकाला खेटून गिअरची डबी, डबीत तेल, आणि डबीला लागूनच ब्रेकचा ड्रम. तेल आणि ब्रेक असे भिंतीला भिंत लावून राहिलेले शेजारी. मधली भिंत म्हणजे रबराची एक गोल सील. तिची आतली कड कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. ती कड सुटली की तेल ब्रेकमध्ये उतरतं, आणि तेल लागलेला ब्रेक म्हणजे नुसता पायाला व्यायाम.

मागच्या आठवड्यात ते शिंप्याला कळलं होतं. त्याच्या बायकोच्या पायाला जखम होती, साखरेची, न भरणारी. दवाखाना उताराच्या तळाशी, आणि एक दिवसाआड पट्टी बदलायला तिथे जायचं. छप्पर असलेल्या बंद गाडीत तिला कोपऱ्यापर्यंतही उलटी थांबवता येत नसे, म्हणून ही गाडी. अर्ध्या उतारावर ब्रेक दाबला तर काहीच नाही. पुढचा ब्रेक तर लग्नातल्या मामासारखा, नुसता उभा. शिंप्याने दोन्ही पाय रस्त्यावर घासत नेले आणि शेवटी सिमेंटच्या पोत्यांत गाडी घातली. मागे बसलेल्या बायकोने विचारलं, पोचलो का.

ही गोष्ट शिंपी हसत सांगायचा. चपलेला तळ उरला नव्हता, तोही दाखवायचा. पण सांगून झालं की तो मिस्त्रीकडे बघत राहायचा, आणि मिस्त्री कुठेतरी दुसरीकडे.

कारण त्या उताराच्या चार दिवस आधीच मिस्त्रीने नवी सील बसवली होती. तेव्हा सकाळी कागद कोरडा निघाला होता. उतारावरच्या प्रकारानंतर आता नुसती झाकणं आवळून, गाडी एक रात्र उभी करून पाहिली होती.

लायनर

गळती शोधायची तर उलटं जायचं. थेंबाकडून मागे, मागे, जिथून तो निघाला तिथपर्यंत.

त्याने चाक उतरवलं. ड्रमच्या आत आरसा व्हावा तसं तेल पसरलं होतं. ड्रमला घासून चाक थांबवणारे दोन्ही लायनर तेल पिऊन काळे पडले होते. एकदा तेल प्यायलेला लायनर पुन्हा सरळ होत नाही हे त्याला माहीत होतं, तरी तो ते घरी घेऊन गेला. माणूस बिघडला म्हणून कोणी लगेच टाकून देतं का.

बायकोने नवा तवा दिला नाही, जुना दिला, आणि खिडकी उघडून नाक धरून उभी राहिली. तापलेल्या लायनरमधून तेल घामासारखं बाहेर आलं. पुसलं, पुन्हा आलं.

"काढा आता, जळतंय," ती म्हणाली आणि फडका आणायला वळली.

फडका घेऊन ती परतली तेव्हा त्याने लायनर तव्यावरून उचलला होता, नुसत्या हाताने, आणि दिव्याखाली धरून निवांत न्याहाळत होता.

"काय हो हे. हात आहेत की चिमटा?"

"कामाचे हात आहेत," तो म्हणाला. तो खूशच झाला.

तीही हसली. मग जेवताना तिने त्याच्या बोटांवरचे पांढरे फोड पाहिले आणि हसणं कुठल्या कुठे गेलं. भाजलंय, हे त्याला तिने सांगितल्यावर कळलं. मलम लावताना तिने विचारलं, दुखतंय का. छे, तो म्हणाला, तुझ्या हाताला गुण आहे.

डबी

डबीत दोष नव्हता. तेल मापात होतं, वरचं हवेचं भोक मोकळं होतं, बेअरिंग गुळगुळीत फिरत होतं; त्याने सगळं दोनदा पाहिलं, कारण दोष सापडला असता तर बरं झालं असतं.

सील

या गाडीच्या सील आता कुणी बनवत नव्हतं. त्याच्याकडे तीन होत्या, जुन्या साठ्यातल्या. एक गेली होती. त्याने दुसरी काढली.

सील चढवायची ती डबीतून बाहेर आलेल्या दात्यांवरून. दाते धारदार. हल्लीचे कारागीर दात्यांवर आधी पातळ पट्टी गुंडाळतात, म्हणजे कड चिरत नाही. मिस्त्री त्यावर म्हणायचा, घास तोंडात घालायला कुणी आरसा धरतं का. तो सील बोटावर घ्यायचा, तेलात बुडवायचा आणि सरकवताना तर्जनी आतून फिरवत न्यायचा. कड कुठे दुमडली, कुठे दात्याला अडली, ते बोट सांगायचं. तिथे थांबायचं, किंचित फिरवायचं, पुढे जायचं. आयुष्यभर त्याने असंच केलं होतं आणि आयुष्यभर कागद कोरडा निघाला होता.

यावेळीही त्याने तर्जनी फिरवली. बोट काही बोललं नाही. म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्याने धरलं.

पावडर

दुसऱ्या दिवशी शिंपी बायकोला घेऊन आला. शेजारच्या शिलाईच्या दुकानात एकटी बसून कंटाळते म्हणाला. ती पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून बसली. मिस्त्रीने डबीपासून मडगार्डच्या पत्र्यापर्यंत सगळं पुसून कोरडं केलं, त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरवली, गाडी स्टँडवर चढवून चाक फिरवलं आणि मडगार्डखाली वाकून बघत बसला. पावडरवर तेल लगेच दिसतं. जिथून रेघ सुरू होते तिथे चोर.

शिंपी म्हणाला, बाळाला तीट लाव आता. वहिनी हसली.

"सापडलं," मिस्त्री म्हणाला. आवाजात पोरासारखा आनंद होता. "हे बघ. वरून येतंय. म्हणजे सीलमधून नाहीच. मी म्हणत होतो ना, सील असणं शक्यच नाही."

पावडरवर बारीक ओली रेघ उतरत होती. शिंपी वाकला.

"भाऊजी," वहिनी स्टुलावरून हळूच म्हणाली, "ते तेल नाही. लाल आहे."

मडगार्डच्या पत्र्याने त्याचं बोट चिरलं होतं. चांगलं खोल. रक्त मनगटापर्यंत येऊन तिथून ठिबकत होतं, आणि तो दुसऱ्या कुणाचा हात असावा तसा त्याच्याकडे बघत होता.

सुई

बोट बांधून झाल्यावर वहिनीने नवऱ्याच्या कॉलरला खोचलेली सुई काढली.

"डोळे मिटा. कुठल्या बोटाला टोचते ते सांगा. माझ्या पायाला डॉक्टर असंच करतात."

"अगं, काय लहान मुलांचे खेळ," शिंपी म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो."

मिस्त्रीने डोळे मिटले. हात पुढे केला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"अंगठा," तो म्हणाला.

"मी अजून टोचलंच नाही, भाऊजी."

मग तिने टोचलं. तो वाट बघत राहिला. तिने दुसऱ्या बोटाला टोचलं, तिसऱ्याला, तरी तो डोळे मिटून वाटच बघत होता. ओठ थोडे उघडे, काहीतरी ऐकू येईल असे. शिंपी उठून दाराशी गेला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

ते दोघे गेल्यावर त्याने ड्रम उघडला. आत तेल उतरलं होतंच. दात्यांवर काळ्या रबराचा एक केस लटकत होता.

बोट

तिसरी सील त्याने बायकोला बोलावून बसवायला घेतली. आधी पट्टी गुंडाळून पाहिली. कुणाला सांगितलं नाही. पण पट्टी गुंडाळायची, ती ओढून काढायची, तिचा तुकडा आत राहिला का ते बघायचं, तेही बोटांचंच काम होतं.

"तर्जनी आत घाल," तो म्हणाला. "मी सरकवतो. कड दुमडली की सांग."

तिने तेलात बोट घातलं. तिला तेल मुळीच आवडत नसे.

"काय लागतंय?"

"गुळगुळीत."

"आता?"

"आता पण गुळगुळीत." ती थांबली. "काय लागायला हवं? तुम्ही सांगा, म्हणजे मी शोधते."

त्याने तोंड उघडलं. काय सांगायचं? जिभेला टोचलेला दाण्याचा पापुद्रा? पानाची शीर? तो जे म्हणायला जाई ते तिला लागू पडेना. इतकी वर्षं बोटाने त्याला सांगितलं होतं, पण कुठल्या शब्दांत, ते त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

"मला सगळीकडे सारखंच लागतंय हो," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला.

त्याने सील सरकवली. दोघांनाही काहीच कळलं नाही. सकाळी कागदावर डाग होता.

रस्ता

गाडी वापरू नको, त्याने शिंप्याला सांगितलं. उताराला तर नाहीच. शिंप्याने विचारलं, दुसऱ्या कुणाला दाखवू का. दाखव, पण सील आणणार कुठून, मिस्त्री म्हणाला. तीन होत्या, तिन्ही मीच कापल्या.

"मग दवाखाना?"

वहिनीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली, "बघू की. पाय काय कुठे पळून जातोय?"

शिंप्याला गाडी मात्र घरी हवी होती. उभी राहील भिंतीला, म्हणाला. वहिनीला चालवत नव्हतं, म्हणून ती मागच्या सीटवर बसली, नेहमीसारखी, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर. नवरा हँडल धरून शेजारून चालला, मिस्त्री मागून ढकलत राहिला. रस्ता सपाट होता. इंजिन बंद होतं. वळणावर तिने सवयीने विचारलं, पोचलो का, आणि कुणीच हसलं नाही. त्यांच्या मागे रस्त्यावर थेंब पडत गेले.

कागद

त्या संध्याकाळी दुकान झाडून झाल्यावर त्याने फरशीवर कोरा कागद अंथरला. हात आपोआप गेला. वर गाडीच नव्हती.

सकाळी बायको डबा घेऊन आली तेव्हा तो उकिडवा बसला होता. कागद त्याने उचलून उजेडात धरला होता. स्वच्छ, पांढरा, एक ठिपका नाही.

त्याने तो तिच्यापुढे धरला. तिने डबा खाली ठेवला, हात पुसले, कागद घेतला, उलटसुलट बघितला आणि घडी घालून जवळ ठेवून दिला.