धावपटूच्या मांडीची स्लाइड

परीक्षा चार दिवसांवर आलेली, आणि विभागप्रमुखांनी स्नायूच्या स्लाइड्सचा डबा कोपराने पाडला. एकही स्लाइड वाचली नाही.

"नव्या करा," ते म्हणाले. चहा टाकायला सांगावं तितक्या सहज.

त्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी सतरा वर्षं तंत्रज्ञ. कापायचं, रंगवायचं, काचेवर चढवायचं काम माझं. त्यावर बोलायचं काम सरांचं.

"सर, स्नायू आणू कुठून?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

बघितलं. नवऱ्याला म्हटलं, बोकडाचं मटण आण, चरबी नको. तो कोंबडीची तंगडी घेऊन आला. मटण संपलं होतं म्हणे. त्यातला नखाएवढा तुकडा मी फॉर्मालिनच्या बाटलीत टाकला, तेव्हा सासूबाई मागेच उभ्या.

"लोणचं घालतेस की काय? आमच्या हातची चव पुरेना झाली वाटतं!"

तुकडा मेणात बसवला, केसाहून पातळ चकत्या काढल्या, गुलाबी-जांभळा रंग दिला. सूक्ष्मदर्शकाखाली झकास दिसलं. लांबच लांब तंतू एकमेकांना खेटून पडलेले, प्रत्येकावर बारीक आडवे पट्टे, आणि केंद्रकं बिचारी अगदी कडेला, बिनबोलावल्या पाहुण्यांसारखी. स्नायू तो स्नायू, कोण विचारतंय, म्हणत मी स्लाइड ठेवून दिली.

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या. निवृत्तीला टेकलेल्या, मितभाषी. सरांना मात्र चेव आला.

"हा एका तरुण धावपटूच्या मांडीचा स्नायू. पट्ट्यांची शिस्त बघा! घाम गाळलाय पोराने!"

मला ठसका लागला.

बाई बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग म्हणाल्या, "धावायचा, की उडायचा?"

"म्हणजे?"

"तंतूंच्या मधल्या केशवाहिन्या बघा. तांबड्या पेशींत केंद्रक आहे. माणसाच्या तांबड्या पेशीत ते नसतं, पक्ष्याच्या असतं. तुमचा धावपटू अंडी घालत असणार."

विद्यार्थी फिस्सकन हसले. सरांचे कान लाल झाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता लपवून काय उपयोग? मी नवरा, तंगडी, सासूबाई, सगळं सांगून टाकलं. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत बाई हसल्या.

"पण स्लाइड कुणी बनवली?"

"मीच."

"स्नायू कापताना हमखास तडकतो. इथे एक तडा नाही. इतके स्वच्छ पट्टे मी कित्येक वर्षांत पाहिले नाहीत."

सतरा वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. मी स्वच्छच असलेलं टेबल पुसायला घेतलं. बाईंनी स्लाइड बदलू दिली नाही. उलट प्रत्येक विद्यार्थ्याला तोच प्रश्न टाकला: हा माणूस नाही, हे कशावरून? निम्म्यांना सांगता आलं.

आठवडाभर सर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका दुपारी दारात येऊन घुटमळले.

"ती तांबडी पेशी... मला एकदा दाखवता का?"

मी स्टूल सरकवलं, भिंग नीट बसवून दिलं. ते वाकून बघत राहिले.

"अरेच्चा! खरंच की हो!" ते म्हणाले आणि मला जरा बाजूला व्हायला सांगून पुन्हा बघू लागले.