तीन रंगांचा रेडा

उचगावच्या वाचनालयात मी रोज सकाळी पेपर वाचायला जातो, असं लोकांना सांगतो. खरं म्हणजे मी माणसं बघायला जातो. सलिमाला, माझ्या बायकोला, जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी नाजिया मिरजेला दिली आहे. ती शुक्रवारी दुपारी फोन करते, "अब्बा, जेवलात?" विचारते, आणि मी जेवलो म्हणतो, जेवलेलो असो वा नसो. बाकीचे सहा दिवस घरात माझा मलाच खोकला ऐकू येतो. चहा अजूनही दोन कप होतो. हात ऐकत नाही. दुसरा कप मी गार झाल्यावर पितो. सलिमाला ते अजिबात खपलं नसतं.

दिवाळी झाल्यावर वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद लागला. साठीच्या पुढच्यांसाठी चित्रवर्ग, दर रविवारी दहा ते बारा. चित्रं काढायची हौस मला कधीच नव्हती, आणि म्हाताऱ्यांना गोळा करून टाळ्या वाजवायला लावणाऱ्या कार्यक्रमांचा तर मला मनापासून तिटकारा आहे. पण खाली शिकवणारीचं नाव होतं: दीप्ती बाळासो सोनुले. मी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. बाळासो. नऊ वर्षांत हे नाव मी तोंडानं उच्चारलं नव्हतं.

पहिल्या रविवारी मी मागच्या खुर्चीवर बसलो. दीप्ती आत आली, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि सरळ माझ्याकडं आली.

"कुतुबचाचा? अवो, तुम्ही व्हय! वळखलं न्हाई मला? लाकडाची बदकं करून द्यायचा की मला."

आठ-नऊ वर्षांची होती तेव्हा. आता शाळेत चित्रकला शिकवते, केसांत एक पांढरी बट आहे. मी विचारलं, "बाबा कसं हायत?"

"हायत की. आई गेल्यापासनं जरा गप असत्यात. रोज पेपर वाचून दाखवावा लागतोय, एक बातमी गाळली की भांडायला उठत्यात."

पारूबाई गेल्याचं मला असं कळलं. माझ्या ईदच्या शिरखुर्म्याला वाडगा घेऊन स्वतः येणारी बाई, आणि तिच्या मातीला मी नव्हतो. पेपर वाचून दाखवण्याचं म्हणाल तर त्यात मला काही नवल वाटलं नाही. बाळासोची शाळा तिसरीतच सुटली होती.

दीप्तीला आमच्यात काय झालं ते ठाऊक नव्हतं, हे तिच्या बोलण्यावरून उघड होतं. तिनं फळ्यावर एकच ओळ लिहिली: स्वतःला काढा. मग म्हणाली, "पण माणूस काढायचा न्हाई. जनावर काढायचं. आपण आतनं कोण हाय ते. रंग फक्त तीन घ्यायचे, आणि कुठला कशासाठी घेतला ते आपल्याला ठाऊक पाहिजे. शेवटी प्रदर्शन लावू. बाबांनाबी घेऊन येणार हाय."

विजयसिंहराव माझ्या शेजारी बसायचे. त्यांनी वाघ काढला. कोल्हापूरकराला जनावर निवडायला सांगितल्यावर दुसरं काय होणार! वाघ उपाशी मांजरासारखा दिसत होता, पण विजयसिंहराव त्याच्या मिशांवर फार खूश होते. बायडाबाईंनी चिमणी काढली आणि ती रंगवता रंगवता डोळ्याला पदर लावला. मी रेडा काढला. सलिमा माझ्यावर चिडली की मला रेडा म्हणायची. रेडा चिखलात बसला की बसला, हाकलून उठत नाही, असं तिचं म्हणणं. तिचं म्हणणं बरोबर होतं. नऊ वर्षं मी एकाच चिखलात बसून होतो.

रंगांचं मात्र मला ठरवावंच लागलं नाही. बाबांना घेऊन येणार, असं ती म्हणाली त्याच क्षणी ते ठरले.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि उरलेल्या खळग्यात लोखंडाचा रस ओतायचा. पॅटर्नवर आम्ही रंग द्यायचो, शोभेसाठी नव्हे. आमच्या शॉपमध्ये तांबडा म्हणजे जसं ओतलं तसंच राहू द्यायचं. पिवळा म्हणजे इथं पुढं मशीन फिरणार, इथलं लोखंड छिलून निघणार. आणि काळा म्हणजे इथं कोअर बसवायचा, वाळूचा घट्ट गोळा, म्हणजे ओतल्यावर तेवढी जागा आतून पोकळ राहते. बाळासो मोल्डर होता, वाळूतलं सगळं काम त्याचं. तो नकाशा वाचत नसे, माझे रंग वाचायचा. बावीस वर्षं आम्ही एका डब्यातून जेवलो. "कुतुबचा रंग म्हंजे छापील," असं तो नव्या पोरांना सांगायचा.

बकरी ईदच्या आदल्या दिवशी मला घरी जायची घाई होती. पंपाच्या बॉडीचा पॅटर्न होता, बाजूला एक छोटा गोल उंचवटा. त्याला काळा द्यायचा होता. हातात तांबड्याचा ब्रश होता, तोच फिरवून मी निघून गेलो. बाळासोनं तांबडा बघितला आणि कोअर न बसवता छत्तीस बॉड्या ओतल्या. जिथं भोक पाहिजे तिथं भरीव लोखंड. ईद करून मी कामावर आलो तोवर सगळा माल भंगारात गेला होता. साहेबानं उद्या सकाळी चौकशी लावतो म्हणून सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी, बाळासो घरी गेल्यावर, मी स्टोअरमध्ये जाऊन त्या तांबड्यावर काळा हात मारला. दोन मिनिटांचं काम. सकाळी सगळ्यांनी पॅटर्न बघितला. काळा. साहेब म्हणाला, सोनुले कोअर विसरले. बाळासो पॅटर्नकडं बघतच राहिला. त्याला काढून टाकलं. तो दुसरीकडं भट्टीवर लागला, आणि मी त्याच्या गल्लीतून जायचं सोडलं. सलिमालाही मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मला रेडा म्हटलं नसतं. रेड्यानं असं काही कधी केलेलं नाही.

तर मी रेडा रंगवला. अंग तांबडं: जसा ओतलो तसाच राहिलो, सुधारलो नाही. शिंगं पिवळी: ही छिलायला हवी होती. आणि पोटावर एक गोल, आधी तांबडा, वाळल्यावर त्यावर काळा, कडेनं तांबड्याची रेघ मुद्दाम उघडी ठेवलेली. दुसऱ्या कुणाला ते चित्र म्हणजे पोटावर डाग असलेला रेडा वाटला असता. बाळासोला एका नजरेत कळलं असतं. त्यासाठीच मी ते काढलं. मला तोंडानं सांगायचं नव्हतं. त्यानं वाचावं, मग शिव्या द्याव्यात, थुंकावं, हवं ते करावं. पण माझ्याशी काहीतरी करावं, एवढंच मला पाहिजे होतं. चार रविवार मी त्या एका गोलावर घालवले. दीप्ती म्हणाली, "चाचा, ह्यो काळा लई जड झालाय." मी म्हटलं, असू दे.

प्रदर्शनाच्या सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, अत्तर लावलं आणि माझ्या चित्राशेजारी उभा राहिलो. अकराच्या सुमाराला बाळासो आला. वाळला होता. एका हातात काठी, दुसरा हात दीप्तीच्या खांद्यावर. वय झालं, असं मी मनात म्हटलं. ती त्याला चित्रापुढं घेऊन आली. तो उभा राहिला. त्याचं तोंड चित्राकडं होतं, पण डोळे त्याच्या जरा वरच्या भिंतीवर होते. तिथं काहीच नव्हतं.

"तेच अत्तर लावतोस व्हय अजून?" तो म्हणाला. "कुतुब्याच न्हवं?"

"बाळ्या," मी म्हटलं.

दीप्ती म्हणाली, "चाचा, बाबांना तुम्हीच सांगा चित्र. काचबिंदूनं पार नजर गेली, पाच वरसं झाली. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आसंल." आणि ती बायडाबाईंची हाक आली म्हणून तिकडं गेली.

"रेडा काढलायस म्हणं," बाळासो म्हणाला. "रंग कुठलं घेटलंस?"

आता मी काहीही सांगू शकत होतो. हिरवा म्हणालो असतो, निळा म्हणालो असतो. खोटं बोलायला इतकी सोयीची जागा मला आयुष्यात दुसऱ्यांदा मिळाली होती, आणि पहिल्यांदाही समोर हाच माणूस होता. शेजारी विजयसिंहराव कुणाला तरी वाघाच्या मिशा समजावून सांगत होते.

"अंग तांबडं हाय," मी म्हटलं. "शिंगं पिवळी."

"पॅटर्नचं रंग?" तो हसला. "आनि काळा कुठं हाय?"

"पोटावर. एक गोल. खाली तांबडा हाय. त्येच्यावर काळा मारलाय. कडंनं तांबडा दिसतोय."

हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. त्यानं हात पुढं केला, कागदावर ठेवला आणि बोटांनी तो गोल शोधला. रंग जाड होता, सापडला. कडेनं त्यानं दोनदा बोट फिरवलं.

"कवा मारलास काळा?"

"चौकशीच्या आदल्या सांजंला. तू घरला गेल्यावर."

"म्हंजे मी बघितला तवा तांबडाच हुता."

"तांबडाच हुता. माझी चूक हुती, बाळ्या. तुझी न्हाय."

वाटलं, काठी उचलेल. उचलली नाही. तो सावकाश म्हणाला, "नऊ वरसं रोज त्यो पॅटर्न डोळ्याम्होरं आणतोय मी. काळा हुता, मग मला तांबडा कसा दिसला? डाक्टरनं इचारलं, नजर कवापासनं गेली, तर म्या त्येच सांगितलं. त्या पॅटर्नपासनं, म्हटलं. काळ्याचा तांबडा दिसला, तवापासनं." तो थांबला. "माझ्या डोळ्यावरचा माझा इस्वास डोळं हुतं तवाच उडाला, कुतुब्या. पारूबी त्येच धरून गेली. माझ्या माणसाच्या डोळ्यानं घात क्येला, म्हणायची."

मी रडलो. सगळ्यांदेखत, नाक पुसत, लाज सोडून. माफी मागावी असं फार वाटलं, पण माफी हा शब्द त्या वेळी इतका हलका वाटला की तोंडातून काढवेना.

"रडू नगंस," बाळासो म्हणाला. "चल."

"कुठं?"

"घरला. पारूचा फोटो हाय. तिच्याम्होरं सांग. मला सांगून काय उपेग, मला तांबडाच दिसलावता."

दीप्ती परत आली तेव्हा त्यानं तिला हातानंच थांबवलं आणि माझा दंड धरला. घट्ट धरला, पळून जाईन की काय म्हणून. आम्ही वाचनालयाच्या पायऱ्या उतरलो आणि त्याच्या गल्लीला लागलो. नऊ वर्षांत तिथला रस्ता कुणी नीट केला नव्हता. वाट मी सांगत होतो. डावीकडं गटार हाय. म्होरं दगड हाय. खड्डा हाय, पाय जरा लांब टाक. प्रत्येक वेळी तो थांबायचा, काठीनं स्वतः चाचपून बघायचा आणि पाय उचलायच्या आधी विचारायचा, "खरं न्हवं?"