माझ्यावरची लाल रेष

मित्रांनो, मैदानामागच्या खोलीत, गवत कापायच्या यंत्राशेजारी भिंतीकडे तोंड करून उभा असलेला हा जुना लाकडी फलक म्हणजे मी. खोडकर मुलाला कोपऱ्यात उभे करतात, तसे मला उभे केले आहे. पण मुलाने निदान काहीतरी खोडी केलेली असते.

एका सुताराने जाड फळ्या जोडून मला घडवले. माझ्या अंगावर एकाखाली एक खिळे ठोकले आणि प्रत्येक खिळ्यावर एका फुटबॉल संघाच्या नावाची पट्टी लटकवली. जिंकेल त्याची पट्टी वर, हरेल त्याची खाली. तळाच्या दोन पट्ट्यांच्या वर रंगाऱ्याने एक लाल रेष ओढली. हंगाम संपताना जे दोन संघ या रेषेखाली असतील, त्यांनी पुढच्या वर्षी खालच्या गटात खेळायचे आणि तिथल्या दोघांनी वर यायचे, असा आमच्या साखळी स्पर्धेचा नियम होता. मला मैदानाच्या फाटकापाशी, तिकिटाच्या खिडकीला लागून उभे केले.

त्या खिडकीत ताई बसत. सगळे गाव त्यांना ताईच म्हणे. तिकिटे देणे हे त्यांचे काम, आणि आकडा लावलेल्या लांब काठीने माझ्या पट्ट्या हलवणेही त्यांचेच. आमचा संघ कधी पहिला आला नाही. तो सदान्‌कदा रेषेच्या आसपास घुटमळायचा. आणि म्हणूनच हंगामाच्या शेवटी फाटकापाशी मुंगीला शिरायला जागा नसे. बेकरीवाला पिठाने माखलेल्या हातांनीच यायचा. शाळेचे मास्तर यायचे. माणसे आधी माझ्यापुढे उभी राहत, आपण हरलो आणि ते जिंकले तर काय होईल, असे एकमेकांना विचारत आणि मग रांगेत जात. छत्रीवाले काका तर छातीवर हात ठेवून माझ्याकडे पाहत. ऊन असो वा नसो, छत्री त्यांच्याबरोबर असायचीच. "आज काही खरं नाही," असे म्हणत आणि सगळ्यांच्या आधी आत शिरत. मला तेव्हा फार मोठेपणा वाटायचा. माझ्याकडे बघून माणसांच्या तोंडचे पाणी पळते, ही काय साधी गोष्ट आहे?

ताईंना मात्र हे सोसत नसे. शेवटच्या सामन्याला त्या खिडकी लावून घेत, माझ्या पाठीशी येऊन बसत आणि कानांत बोटे घालत. त्यांची भीती उगाच नव्हती. शेजारचा एक संघ खाली गेला तो पुन्हा उठलाच नाही. त्याच्या मैदानावर आता गोदाम आहे. ताईंचा धाकटा भाऊ आमच्या संघाचा चिटणीस होता. त्याच्यामागे त्यांनी टुमणे लावले. "अरे, ही रेष काढून टाका एकदाची. दर वर्षी जीव टांगणीला लावून घ्यायचा, तो कशासाठी?"

इतर संघांच्याही मनात तेच होते. सगळ्या चिटणिसांनी बैठकीत ठरवले की यापुढे कोणी खाली जाणार नाही आणि कोणी वर येणार नाही. तेच संघ, कायमचे. ही बातमी कळली तेव्हा ताईंनी स्वतः कुंचला घेऊन माझ्यावरची रेष झाकून टाकली.

"सुटलो बाई," त्या म्हणाल्या. "आता हरलो तरी काही होत नाही."

मला ओरडावेसे वाटले. पण ज्याला तोंडच नाही, त्याने काय करायचे?

पहिल्या वर्षी लोक हसतखेळत आले. मग हळूहळू माझ्यापुढे कोणी थांबेना. आधी बेकरीवाला येईनासा झाला, मग मास्तर. कोणी रागावून गेले नाही. रागावले असते तर समजूत तरी घालता आली असती. ताई रिकाम्या खिडकीत विणत बसू लागल्या. खेळाडूंनी एकमेकांना मारलेल्या हाका रस्त्यापर्यंत ऐकू येऊ लागल्या. भावाने बैठकीत रेष परत आणण्याची विनवणी केली, पण एकदा टळलेली भीती मागून कोण घेणार? उलट असे ठरले की बाकडी अशीच ओस राहिली, तर पुढच्या हंगामापासून आमचे सामने दूरच्या शहरातल्या मोठ्या मैदानावर होतील.

त्या हंगामाच्या शेवटच्या सामन्याच्या सकाळी ताई लाल रंग घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्यावर पुन्हा रेष ओढली. ती जरा वाकडी आली. आमची पट्टी तिच्या खालीच होती. भाऊ बाजूला उभा राहून पाहत होता.

"ताई, हे खोटं आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे रे," असे म्हणून त्या खिडकीत जाऊन बसल्या.

दुपारी छत्रीवाले काका रस्त्याने चालले होते. वर्षभर ते इकडे फिरकले नव्हते. लाल रंग दिसला तसे थबकले आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांचा हात छातीवर गेला. तो हात तिथे पाहून मला किती बरे वाटले, काय सांगू!

"ताई, आज जिंकायलाच हवं का?" त्यांनी विचारले.

ताईंनी तिकीट हातात घेतलेच होते. त्या 'हो' म्हणाल्या असत्या, तर काका आत गेले असते. जाण्याआधी चार जणांना बोलावूनही आणले असते. मीही मनातल्या मनात 'हो, हो' म्हणत होतो. पण जो माणूस इतकी वर्षे जीव मुठीत धरून माझ्यापुढे उभा राहिला, त्याच्याशी ताईंना खोटे बोलवेना.

"नाही काका," त्या म्हणाल्या. "आज हरलो तरी काही होत नाही."

काकांनी हात खाली घेतला. "मग राहू दे," असे म्हणून ते छत्री टेकत घरी गेले.

आता फाटकाला कुलूप आहे. ताई अधूनमधून येतात आणि माझ्या पाठीवरची धूळ पुसतात. मित्रांनो, मला पुन्हा तिथे उभे करा, असे मी म्हणत नाही. ते तुमच्या हातात नाही आणि माझ्या तर कधीच नव्हते. पण तुम्ही संध्याकाळी खेळायला उतराल तेव्हा एवढे लक्षात ठेवा. हरल्यावर कोणी रडले तर त्याला जवळ घ्या, त्याची समजूत घाला. मात्र त्याने रडू नये म्हणून खेळातले हरणेच काढून टाकू नका.