खोलीचा आवाज

ग्रॅहम थेयरने तिला ओळखलं नाही, हे ओडिलियाला सेटवर पहिल्याच दिवशी कळलं. तिला इतका आनंद झाला की त्या सकाळी तिने हिरव्या मिरचीचा एक बरिटो जास्तीचा खाल्ला. ओळखलं असतं तर तो सावध राहिला असता.

पाच वर्षांपूर्वी हाच थेयर कॅलिफोर्नियातल्या कुठल्याशा महागड्या फिल्म स्कूलची पदवी मिरवत अल्बुकर्कीत आला होता. ओडिलियाच्या कम्युनिटी कॉलेजात पाहुणा म्हणून बोलला आणि जाताना आपल्या लघुपटासाठी फुकट राबणारी पोरं गोळा करून गेला. "पैसे नाहीत, पण पडद्यावर नाव मिळेल," म्हणाला. ओडिलिया अकरा दिवस राबली. माइकचा दांडा डोक्यावर धरून खांदे सुजले. शेवटी पडद्यावर नावं सरकू लागली तेव्हा आवाजाखाली नाव निघालं पेजचं. पेज ही थेयरच्या कॅमेरामन दोस्ताची, ब्राइसची, बायको. ती बया एक दिवससुद्धा सेटवर फिरकली नव्हती.

थेयरच्या पदवीला जेवढा पैसा लागला असेल, तेवढ्यात इथे अंगणासकट घर येतं. त्या मानाने ओडिलियाची दोन वर्षांची पदवी फुकटातच म्हणायची. पण तिच्या घरी फुकट काहीच नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी तिच्या बापाने, सेलेस्तिनोने, आपला निळा पिकअप विकला. तो छपरं दुरुस्त करणारा माणूस. शिडी घेऊन बसमध्ये चढता येत नाही, म्हणून त्याने पन्नाशीत दुसऱ्याच्या हाताखाली काम धरलं. तक्रार एकदाही केली नाही, आणि तेच तिला जास्त लागायचं.

तक्रारीचं खातं बापाच्या भावाकडे होतं. त्या तिओचं, म्हणजे काका फिलेमॉनचं, टायरचं दुकान. दर रविवारी जेवायला बसला की सुरू व्हायचा, "पोरगी दोन वर्षं काठी धरायला शिकली, आणि त्यापायी माझ्या भावाने गाडी घालवली! अगं, थेट माझ्याकडे आली असतीस तर आज टायर तरी बसवता आले असते."

आणि झालंही तसंच. पडद्यावर नाव नाही म्हटल्यावर तिला कोणी दारात उभं करेना. दोन वर्षं तिने तिओच्या दुकानात टायर बसवले. प्रत्येक नट आवळताना ती मनात थेयरचं नाव घ्यायची. नट घट्ट बसायचे.

मग हळूहळू छोटी कामं मिळत गेली आणि आता हा अख्खा सिनेमा. आवाजाची सगळी जबाबदारी तिची. शहराच्या दक्षिणेला मोठा स्टुडिओ आहे. तिथल्या बाईंनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, "एक पूर्ण सिनेमा दाखव, आवाजाखाली तुझं नाव असलेला. दुसऱ्या दिवशी कामावर ये." हा सिनेमा थेयरचा निघाला, ते तिचं नशीब. चांगलं की वाईट, ते तिने अजून ठरवलं नव्हतं.

माइकचा दांडा धरायला या खेपेला खुद्द आपोडाका होते, कॉलेजात तिला आवाज शिकवणारे. तिथल्या पगारात भागत नाही, म्हणून सुट्टीत सेटवर येतात. "यंदा बॉस तू, मिहा," अशी लेकीसारखी हाक मारून त्यांनी दांडा खांद्यावर टाकला होता.

त्यांचा पहिल्या दिवशीचा धडा ती विसरली नव्हती. नटाच्या छातीवर छोटा माइक चिकटवला की थोड्या वेळाने नट तो विसरतो. संडासात जातो, बायकोशी भांडतो, आणि सगळं आपल्या कानात येतं. आपल्याच नाही, निर्माते हेडफोन लावून बसतात, त्यांनाही जातं. म्हणून 'कट' म्हटल्याबरोबर आपला हात आवाजाच्या सरकत्या पट्टीवर गेला पाहिजे आणि पट्टी खाली, आवाज बंद. "माणसाची अब्रू आपल्या बोटाखाली असते," आपोडाका सांगायचे. "हे ज्याला कळत नाही, त्याला पुन्हा कोणी बोलावत नाही."

थेयरला त्याच्या शाळेत बरंच काही शिकवलं असेल, पण आवाजाच्या यंत्रांच्या या ढकलगाडीमागे त्याला कधी कोणी बसवलं नव्हतं. त्यात हौस दांडगी. स्वतःच्या सिनेमात स्वतःच हवालदार झाला होता. रोज सकाळी ओडिलिया त्याच्या केसाळ छातीवर माइक चिकटवायची आणि चिकटपट्टी जरा जास्तच दाबायची.

गुरुवारी दुपारी सेंट्रल अव्हेन्यूवरच्या एका बंद पडलेल्या खानावळीत चित्रीकरण होतं. पैसा घालणाऱ्या लोरेन हॅचबाई नेहमीसारख्या घडीच्या खुर्चीत, हेडफोन लावून, संत्रं सोलत बसल्या होत्या. जुने ट्रक विकून विकून तीन आवारं उभी केलेली सत्तरीची विधवा, भाच्यालाही या सिनेमात एक सीन मिळवून दिलेली. "विकत घेतलंय ते ऐकायला नको?" असं म्हणून त्या दिवसभर हेडफोन उतरवायच्या नाहीत.

"कट!" थेयर ओरडला आणि ब्राइसला घेऊन मागच्या दाराने बाहेर पडला. ओडिलियाचा हात सवयीने पट्टीवर गेला.

"आवाजाखाली परत पेजचंच नाव टाकू," तिच्या कानात थेयरचा आवाज आला.

"आणि ती पोरगी?" ब्राइसने विचारलं.

"कोण, ती कॉलेजवाली? अरे, त्यांना सवय असते. मागे नाही का एकीचं काढलं? काय बिघडलं? मला तर तिचा चेहराही आठवत नाही."

हात तिथेच थांबला. आता पट्टी खाली केली असती तर काही सेकंदांची चूक एवढंच झालं असतं. ओडिलियाने हात उचलला आणि मांडीवर ठेवला. थेयर एवढ्यावर थांबणारा नाही, हे तिला अकरा दिवसांच्या अनुभवावरून माहीत होतं.

"म्हातारीचं काय करायचं?" ब्राइस म्हणाला.

"तिचा शेवटचा चेक सोमवारी. तो जमा झाला की तिच्या भाच्याचा सीन कापून टाकतो. गंजके ट्रक विकणारी बाई, म्हणे कला कळते! सोमवारपर्यंत फक्त 'वा लोरेन, हो लोरेन' करायचं."

दोघं हसले. खुर्चीतलं संत्रं सोलायचं थांबलं.

थेयर आत आला तेव्हा बाई उभ्या होत्या. हेडफोन काढून त्यांनी खुर्चीवर नीट ठेवला होता.

"माझ्या आवारातला गंजका ट्रक निदान किल्ली फिरवली की सुरू होतो, ग्रॅहम," त्या म्हणाल्या. "तुझं दुकान आजपासून बंद. आता म्हण, वा लोरेन."

थेयरचा हात छातीवरच्या माइककडे गेला. तोंड पांढरंफटक. मग पाच वर्षांत पहिल्यांदा त्याने ओडिलियाकडे नीट बघितलं.

"तू हे त्यांना ऐकवलंस?"

"मी? मी तर पट्टीसुद्धा हलवली नाही."

बाई निघून गेल्या. त्यांच्या मागून थेयर दारापर्यंत धावला आणि गाडी निघून गेलेली बघून परत आला. कोणाला काय करावं सुचेना. आपोडाका दांडा भिंतीला टेकवून तिच्याजवळ आले. त्यांच्या गळ्यात हेडफोन होता. त्यांनीही सगळं ऐकलं होतं.

"पट्टी खाली करायला विसरलीस का, मिहा?" ते हळू आवाजात म्हणाले.

"नाही, प्रोफे."

"सिनेमा गेला म्हणजे तुझं नावही गेलं. स्टुडिओत काय दाखवणार? आणि ही एवढी माणसं उद्यापासून घरी बसणार."

माणसांचा विचार तिने केला नव्हता. तिने खोलीतल्या एकेकाकडे पाहिलं. तरीही तिने मनाला विचारून पाहिलं, तर मन म्हणालं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच.

"मी तुला हे शिकवलं नव्हतं," आपोडाका म्हणाले.

"नाही. हे मी टायरच्या दुकानात शिकले."

ते दांडा उचलून पुन्हा आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

एका जागेचं काम संपलं की तिथून हलण्याआधी आवाजवाला एक मिनिट मागतो. रिकाम्या खोलीचा आवाज टिपायचा असतो, पुढे संवादांच्या फटी भरायला. ते मिनिटभर जो जिथे असेल तिथे उभा राहतो, श्वासही जपून. दिग्दर्शकसुद्धा नाही म्हणत नाही. या सिनेमाला आता भरायला फटी उरल्या नव्हत्या. तरी ओडिलिया उठून उभी राहिली.

"खोलीचा आवाज घ्यायचाय. सगळे जागेवर."

सवयीने सगळे थबकले. थेयरही, खोलीच्या मधोमध, एक पाय पुढे टाकलेला.

तिच्या कानात दिव्यांची गुणगुण आली, कोणाच्या तरी बुटाची करकर आली, आणि अजून न काढलेल्या माइकमधून थेयरचा श्वास, धाप लागल्यासारखा. तिने त्याची पट्टी वर सरकवली. निळा पिकअप गेला त्या दिवशी अंगणात नुसती शिडी पडून होती आणि बाप त्या शिडीकडे बघत उभा होता, बराच वेळ. तेव्हाही अशीच शांतता होती.

मिनिट संपलं. सगळे 'झालं' ऐकायला तिच्याकडे बघत होते. थेयरचे डोळे भरून आले होते.

ओडिलियाने बोट वर करून सगळ्यांना थांबायची खूण केली आणि दुसरं मिनिट सुरू केलं.